ड्रिलिंग एसपीएमसाठी परवडणारा पीएलसी कोणता? रिले-टायमर पॅनल काढायचाय

कुपवाड_एसपीएम

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. एक न्यूमॅटिक (हवेवर चालणारं) ड्रिलिंग एसपीएम आहे, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं स्पेशल मशीन, कास्टिंगच्या ब्रॅकेटला १२ एमएमचं होल मारायचं. तीन सिलेंडर आहेत, एक क्लॅम्प, एक स्लाइड, एक ड्रिल फीड. सगळं रिले (विजेनं चालू-बंद होणारे स्विच) आणि चार टायमरवर चालतं, पॅनल जुनं आहे, ज्यांनी केलं ते आता कुठं आहेत माहीत नाही आणि ड्रॉइंगही नाही.

प्रॉब्लेम असा की सकाळी पहिल्या तासात हवेचं प्रेशर कमी असतं, त्यामुळं स्लाइड हळू जाते पण टायमर आपला ठरलेल्या वेळेला संपतो आणि स्लाइड पोचायच्या आतच ड्रिल खाली येतं. गेल्या महिन्यात चार ड्रिल मोडले आणि एकदा तर मोडलेला तुकडा ऑपरेटरच्या चष्म्याला लागला, नशीब चष्मा होता. त्या दिवसापासून मला झोप नाही. टायमर वाढवून ठेवला की सायकल टाइम ३० सेकंदावर जातो, एरवी २२ सेकंदात पार्ट निघतो.

म्हणून पीएलसी, म्हणजे प्रोग्राम टाकून मशीन चालवणारा कंट्रोलर, टाकायचा ठरवलंय. बजेट एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय), केबल, वायरिंगचं सामान धरून २० हजार. माझ्या हिशोबानं ८ इनपुट ६ आउटपुट पुरतील. एक जण सांगतो सीमेन्सचा एस७-१२०० घे एकदाच, एक जण म्हणतो डेल्टा, कॉलेजचा मित्र म्हणतो अर्डुइनो आणि रिले बोर्डमध्ये हजार-दीड हजारात काम होतं. ऑनलाइन मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीशी जुळणारे म्हणून उघडे चायना बोर्ड पण दिसतात एकदम स्वस्त. लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम लिहायची पद्धत) मला थोडं येतं, आयटीआयला असताना शिकलो होतो, पण स्वतः मशीनवर कधी टाकलेलं नाही. काय घेऊ?

---

पॅनल_भोसरी

भाऊ, ब्रँडच्या आधी एक काम कर. कागद घे आणि मशीनसमोर उभं राहून एकेक वायर मोज. तू ८ इनपुट म्हणतोस, मी तुझ्या वर्णनावरून मोजतो बघ. दोन हातांनी स्टार्ट पाहिजे म्हणजे दोन पुशबटणं, रीसेट एक, ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर एक, तीन सिलेंडरना पुढं-मागं धरून सहा रीड स्विच (सिलेंडर टोकाला पोचला हे सांगणारे), पार्ट ठेवलाय का बघायला एक प्रॉक्सिमिटी. झाले ११. आता इमर्जन्सी दाबलीय हे पीएलसीला कळायला एक, ड्रिल फिरवणाऱ्या स्पिंडल मोटरच्या ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट एक, आणि तुझं मूळ दुखणंच हवेचं आहे तर प्रेशर स्विच एक लावायलाच पाहिजे. १४ झाले. आठचा पीएलसी आणला असतास तर पहिल्याच दिवशी रडला असतास.

आउटपुट: क्लॅम्पला दोन्हीकडं कॉइल असलेला व्हॉल्व्ह लाव म्हणजे दोन, स्लाइड एक, फीड एक, स्पिंडल एक, लाल आणि हिरवा दिवा दोन. सात. कूलंट असेल तर त्याला वेगळा आउटपुट देऊ नको, स्पिंडल कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर पंप घे.

क्लॅम्पला दोन कॉइल का म्हणतोय ते सांगतो. एका कॉइलचा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह असला आणि लाइट गेली की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत ढकलते आणि क्लॅम्प सुटतो, वर ड्रिल अजून मोमेंटमनं फिरतंय आणि खाली पार्ट मोकळा. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह जिथं होता तिथंच राहतो. फीडचा मात्र स्प्रिंगवालाच ठेव, म्हणजे लाइट गेली की ड्रिल वर येईल. लाइट गेल्यावर प्रत्येक सिलेंडरनं काय करायचं हे व्हॉल्व्ह घेताना ठरतं, प्रोग्राममध्ये नाही.

तर १४ आणि ७. डेल्टाचा डीव्हीपी-१४एसएस२ सगळ्यात स्वस्तात पडतो पण त्यात ८ इनपुट ६ आउटपुट, आणि ४-४ चं एक्स्टेन्शन जोडलं तरी १२ इनपुट होतात, तुला पुरत नाहीत. डीव्हीपी-२४ईएस२ घे, १६ इनपुट ८ आउटपुट, २३० व्होल्टवर चालतो. तुझ्या बजेटमध्ये बसेल, उरलेल्यात एसएमपीएस आणि बाकी सामान. त्याची प्रोग्राम लिहायची सॉफ्टवेअर डब्ल्यूपीएलसॉफ्ट आणि आयएसपीसॉफ्ट दोन्ही फुकट डाउनलोड होतात, लायसन्सची भानगड नाही.

एस७-१२०० वाईट नाहीच, मी स्वतः लावतो, पण त्याला टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरचं लायसन्स लागतं आणि तुला तीन सिलेंडर हलवायचेत. फुकट सॉफ्टवेअरच बघायचं तर श्नायडरचा मोडिकॉन एम२२१ पण चांगला, टीएम२२१सी२४ मध्ये १४ इनपुट १० आउटपुट मिळतात. पण मग इनपुट एकही शिल्लक राहत नाही, आणि मशीनला नंतर काहीतरी जोडावं लागतंच हा माझा १७ वर्षांचा अनुभव आहे.

---

रात्रपाळी_मेंटेनन्स

नाशिकच्या सातपूरला मेंटेनन्सला आहे, २२ वर्षं झाली. वरच्या दादांनी मोजणी बरोबर केलीय. मी दुसरी बाजू सांगतो कारण पीएलसी विकत घेणाऱ्याला ती दिसत नाही, रात्री दोन वाजता मशीनसमोर उभं राहणाऱ्याला दिसते.

कुठला पीएलसी चांगला हे विचारू नका. तुमच्या गावात कुठला पीएलसी संध्याकाळी सहाला दुकानातून उचलता येतो आणि कुठल्या पीएलसीची केबल शेजारच्या शेडमधल्या माणसाकडं आहे हे विचारा. सांगली, मिरज, कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत चार दुकानांत फोन करा, २४ईएस२ स्टॉकमध्ये आहे का विचारा, एसएमपीएस आहे का विचारा. जो लगेच मिळतो तो घ्या. उद्या आउटपुट उडाला तर तुमचं मशीन कुरिअरची वाट बघत बसणार नाही. आपल्याकडच्या कंपन्यांचेही पीएलसी आहेत, पुण्याच्या मेसुंग आणि रेणू इलेक्ट्रॉनिक्स, नवी मुंबईची सेलेक, त्यांचा माणूस तुमच्या भागात येत असेल तर तेही जरूर बघा, मराठीत फोनवर बोलून प्रॉब्लेम सुटणं ही छोटी गोष्ट नाही.

आणि पासवर्ड. ही माझी जुनी जखम आहे म्हणून जरा मोठं लिहितो. आमच्याकडं एक वॉशिंग मशीन होतं, पार्ट धुवायचं, बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतलेलं. तीन वर्षांनी त्यातला एक सेन्सर बदलायचा होता आणि नवीन सेन्सर उलट लॉजिकचा आला, म्हणजे प्रोग्राममध्ये एक कॉन्टॅक्ट उघडा होता तो बंद करायचा, दहा सेकंदाचं काम. पीएलसीला पासवर्ड. त्या माणसानं फोन उचलला नाही, मग उचलला तर जे पैसे सांगितले त्यात नवीन पीएलसी आला असता. शेवटी आम्ही बाहेर एक रिले लावून सिग्नल उलटा केला आणि तो रिले आजही तिथं लोंबतोय, प्रत्येक नवीन पोरगा विचारतो हा कशाला. तेव्हा तुम्ही प्रोग्राम कोणाकडूनही करून घ्या, पण फाइल कमेंटसकट ताब्यात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. नंतर पीएलसीतून अपलोड करू असं समजू नका, लॅडर येतं पण एक्स३ (तीन नंबरचा इनपुट) म्हणजे काय हे लिहिलेल्या कमेंट बहुतेक वेळा येत नाहीत, आणि कमेंटशिवाय दुसऱ्याचं लॅडर वाचणं म्हणजे अंधारात वायर शोधणं.

पीएलसी जन्माला आला तोच तुमच्यासारख्या दुखण्यातून हे पण सांगतो. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला दरवर्षी मॉडेल बदललं की रिलेची पॅनलच्या पॅनल नव्यानं वायर करावी लागायची, त्यांनी वायर न बदलता बदलता येईल असा कंट्रोलर मागितला आणि त्यातून मोडिकॉन ०८४ आला. वर एम२२१ च्या पुढं जो मोडिकॉन लागतो तो तिथूनचा. लॅडर रिलेच्या ड्रॉइंगसारखं दिसतं ते इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून. तुमचं जुनं पॅनल काढण्याआधी त्याचं ड्रॉइंग स्वतः उतरवा, निम्मं लॅडर तिथंच तयार होईल.

---

सर्किट_आवडतं

अर्डुइनोवाल्या मित्राच्या बाजूनं कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून लिहितोय, कारण मी हे खरंच केलंय. काकांच्या पिठाच्या गिरणीत पॅकिंगला अर्डुइनो आणि आठ रिलेचा बोर्ड लावला होता. टेबलावर आठवडाभर सुंदर चालला. गिरणीत मोटरचा कॉन्टॅक्टर ड्रॉप झाला की कधीकधी बोर्ड रीसेट व्हायचा आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू, पिशवी अर्धी भरलेली तशीच पुढं. फिल्टर लावले, डब्बा लोखंडी केला, ऑप्टोकपलर टाकले, इनपुट २४ व्होल्टचे करून घेतले. सगळं करता करता लक्षात आलं की मी हातानं एक पीएलसी बनवतोय, आणि त्याची सर्व्हिस जगात फक्त मला येते. मी पुण्याला नोकरीला आलो आणि काका अडकले.

पॅकिंगमध्ये पिशवी वाया गेली तर पीठ सांडतं. तुझ्याकडं फिरणारं ड्रिल आहे. नको करूस.

अर्डुइनोनंच फिंडरबरोबर काढलेला ऑप्टा आहे तो वेगळा, डिन रेलवर (पॅनलमधल्या पट्टीवर) बसतो, ८ इनपुट ४ रिले आउटपुट, लॅडरमध्येही प्रोग्राम करता येतो. पण तुझे १४ इनपुट त्यात एकट्यात बसत नाहीत. उघडे चायना बोर्ड घरी लॅडर शिकायला एकदम बेस्ट, माझ्याकडं एक आहे, त्यावर रोज सराव करतो. मशीनवर लावणार नाही.

---

वेर्णा_बॅचिंग

मी गोव्याला वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक छोटं केमिकल मिक्सिंग युनिट चालवते. आमच्याकडं सीमेन्सचा लोगो नावाचा छोटा कंट्रोलर आहे, सहा वर्षं झाली, एकदाही हूं की चूं नाही. त्याची एक गोष्ट मला फार आवडते, पुढं स्क्रीन आणि बटणं आहेत, मिक्सिंगचा वेळ ५ मिनिटांचा ७ करायचा तर आमचा इलेक्ट्रिशियन लॅपटॉपशिवाय जागेवर करतो. सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं पण फार महाग नाही. ८ इनपुट ४ आउटपुटचा मूळ लोगो आणि त्याला ८-८ चं एक्स्टेन्शन लावलं तर तुमचं काम बसेल.

पण खरं सांगायचं तर पंप, मोटर, टायमर, टाकीची लेव्हल अशा कामाला लोगो छान. तुमचं काम पायरी-पायरीनं चालणारं आहे, एक झालं की दुसरं, तिथं पीएलसीच सोपा जाईल असं मलाही वाटतं.

---

कुपवाड_एसपीएम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मशीनसमोर बसून मोजलं, खरंच १४ निघाले. सांगलीत दोन दुकानांत २४ईएस२ मिळतोय आणि आमच्याच लेनमधल्या एका पॉलिहाउस पाइपवाल्याकडं डेल्टाच आहे, केबल देतो म्हणाला. तेव्हा डेल्टा फिक्स.

आता दुकानदार विचारतो रिले आउटपुट का ट्रान्झिस्टर. मी रिले सांगणार होतो, रिले काहीही चालवतो ना? आणि प्रोग्राम कसा सुरू करू, टायमर तसेच ठेवून फक्त पीएलसीत टाकू का?

---

पॅनल_भोसरी

थांब, टायमर तसेच पीएलसीत टाकलेस तर पैसे खर्च करून तोच प्रॉब्लेम विकत घेशील. सकाळी हवा कमी असेल तर पीएलसीतला टायमर पण तेवढ्याच वेळात संपेल आणि ड्रिल तसंच मोडेल. स्लाइड पोचली हे रीड स्विचनं सांगितलं तरच ड्रिल खाली. टायमर फक्त एकाच कामाला ठेव, स्लाइडला आउटपुट दिल्यावर समज ४ सेकंदात रीड स्विच आला नाही तर सगळं जागेवर थांबव आणि लाल दिवा लाव. हा फॉल्ट टायमर, सायकल टायमर नाही. हे एवढं डोक्यात बसलं की तुझं मशीन सुधारलं.

लिहायची पद्धत: एक रजिस्टर घे, डी०. त्यात पायरीचा नंबर. ० म्हणजे मशीन होमला, १० क्लॅम्प, २० स्लाइड पुढं, ३० ड्रिल खाली, ४० ड्रिल वर, ५० स्लाइड मागं, ६० क्लॅम्प सोड. दहा-दहाच्या अंतरानं घे म्हणजे मध्ये पायरी घुसवता येते. आउटपुट कुठल्या पायरीला चालू ते सगळ्यात खाली एकाच जागी लिही, एकच वाय (आउटपुट) दोन ठिकाणी कॉइल म्हणून लिहू नकोस, खालची ओळ वरचीला खोडते आणि नवीन माणूस दोन-दोन दिवस त्यात घालवतो. लाइट गेली की डी० शून्य होतो, आणि शून्यावरून पुढं जायला रीसेट दाबणं आणि ड्रिल वर असणं कंपल्सरी ठेव, म्हणजे लाइट आल्याआल्या मशीन आपोआप हलणार नाही.

आता आउटपुट. तुझा सायकल टाइम २२ सेकंद. दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, ५७,६०० सेकंद, म्हणजे दिवसाला साधारण २,६०० सायकल. ३०० दिवस धरले तर वर्षाला ७ लाख ८५ हजार वेळा प्रत्येक कॉइल चालू-बंद होणार. पीएलसीच्या आतला छोटा रिले म्हणजे शेवटी पत्र्याचा कॉन्टॅक्ट, तो झिजतो, आणि झिजला की तो सोल्डर काढून बदलावा लागतो. ट्रान्झिस्टरला झीज नाही. तुझ्या व्हॉल्व्हची कॉइल २४ व्होल्ट डीसी ५ वॉटची असेल तर ती जेमतेम ०.२ अँपिअर घेते, ट्रान्झिस्टर आउटपुट अर्धा अँपिअर आरामात देतो. मॉडेलच्या शेवटी टी असलेला घे, आर नको. फक्त प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लाव, पांढऱ्या पट्टीचं टोक प्लसला. दोन रुपयाची वस्तू आहे, ती नसली तर कॉइल सुटताना जो झटका येतो तो ट्रान्झिस्टर खातो. डायोड बसवलेले कनेक्टर मिळतात तेच घेतलेस तर उत्तम.

स्पिंडलचा कॉन्टॅक्टर २३० व्होल्टचा असेल, त्याला थेट जोडायचं नाही. मध्ये बेसवर बसणारा २४ व्होल्टचा पातळ रिले घाल. तो उडाला तर ऑपरेटर पण बदलेल.

सेन्सर एनपीएन (शून्याचा सिग्नल देणारा) घेशील तर इनपुटचं कॉमन एस/एस टर्मिनल प्लस २४ ला, पीएनपी (प्लसचा सिग्नल देणारा) घेशील तर शून्याला. सगळे एकाच जातीचे घे, मिसळू नको. एसएमपीएस २४ व्होल्ट २.५ अँपिअर पुरे.

आणि इमर्जन्सी पीएलसीच्या भरवशावर ठेवायची नाही. सेफ्टी रिले घे, इमर्जन्सी दाबली की त्यानं आउटपुटचा २४ व्होल्ट आणि स्पिंडलचा कॉन्टॅक्टर वायरनंच तोडला पाहिजे, पीएलसीला फक्त खबर जाते. दोन हातांचं स्टार्ट पण त्यासाठी मिळणाऱ्या सेफ्टी रिलेवरच घे, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच चालू, म्हणजे कोणी एक बटण काडी घालून दाबून ठेवणार नाही. यात बजेट दोन-चार हजारानं वर गेलं तर जाऊ दे. चष्म्यावर तुकडा आलाय एकदा, दुसऱ्यांदा चष्मा असेलच असं नाही.

---

कुपवाड_एसपीएम

पाच आठवड्यांनी लिहितोय, मशीन चालू झालं. २४ईएस२ ट्रान्झिस्टरवाला, दोन्ही सेफ्टी रिले, नवीन व्हॉल्व्ह, सगळं मिळून २६ हजार झाले, सहा वर गेले. वडील पहिल्यांदा नाराज होते, आता रोज सकाळी स्वतः जाऊन स्लाइड हळू जाते आणि ड्रिल कसं थांबून राहतं ते बघतात.

एक गोष्ट लिहितो कारण कोणाला तरी उपयोग होईल. पहिले तीन दिवस मशीन दहा-बारा पार्टमागं एकदा मध्येच थांबायचं, लाल दिवा. कधी थांबेल काही नेम नाही. लॅपटॉप जोडून ऑनलाइन लॅडर बघत बसलो तर ड्रिल होलच्या खालून बाहेर पडतं नेमक्या त्या क्षणी क्लॅम्पचा एक्स५ डोळा मिचकावल्यासारखा एकदा विझून परत लागायचा. हात लावून बघितलं तर सिलेंडरवरचा रीड स्विचचा पट्टा सैल, ड्रिल आरपार जाताना जो हादरा बसतो त्यात स्विच केसभर सरकायचा. पट्टा घट्ट केला, स्विच ३ एमएम आत घेतला. प्रोग्राममध्ये पण एक्स५ सलग १०० मिलिसेकंद गेला तरच फॉल्ट असं केलं, पण आधी पट्टा, मग प्रोग्राम, हे मुद्दाम सांगतो, कारण माझा पहिला विचार नुसता प्रोग्राममध्ये वेळ घालून गप्प करायचा होता.

जुन्या पॅनलवर हे कधी दिसलंच नसतं.

प्रेशर स्विच ४.५ बारला लावलाय, त्याखाली स्टार्टच घेत नाही. आता सकाळी ऑपरेटर आधी कॉम्प्रेसर चालू करतो आणि मग चहाला जातो, पूर्वी उलटं होतं. तेव्हापासून एकही ड्रिल मोडलेला नाही.

नाशिकच्या दादांसाठी: फाइल कमेंटसकट तीन ठिकाणी आहे, लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि लॅडरची प्रिंट पॅनलच्या दारात प्लॅस्टिकच्या पाकिटात. प्रत्येक एक्स आणि वाय समोर मराठीत लिहिलंय.

---

रात्रपाळी_मेंटेनन्स

शाब्बास. त्या प्रिंटवर तारीख टाका आणि प्रोग्राम बदलला की जुनी प्रिंट फाडून टाका, पाकिटात जुनी-नवी दोन्ही राहिल्या तर रात्री माणूस नेमकी जुनी काढतो.